व्याह्यांचे धुराडे

जगात जे जे म्हणून लोखंडाचे आहे ते ते एके दिवशी गंजून मातीला मिळणार, ही गोष्ट आमच्या कल्याणच्या व्याह्यांइतकी मनाला लावून घेतलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. मरण सगळ्यांनाच ठाऊक असते, आणि ठाऊक असूनही माणसे जेवतात, झोपतात, मुलांच्या मुंजी करतात. व्याह्यांना मरणाचे फारसे काही वाटत नसे. त्यांना गंजाचे वाटे. कोणाच्या घरी गेले की यजमानाच्या 'या, बसा'कडे लक्ष न देता ते आधी दाराच्या कडीवरून अंगठा फिरवत, तो अंगठा उजेडात धरून पाहत, आणि त्यावर तांबूस भुकटी दिसली की या घरात सुतक आहे हे आपल्याला उशिरा कळले असा चेहरा करून गप्प बसत. लग्नाच्या मांडवात सगळे नवरानवरीकडे पाहत असताना हे खांबांच्या खिळ्यांकडे पाहत. देवळात गेले तर घंटेच्या आधी तिची साखळी तपासत. एकदा कोणाच्या मयताबरोबर गेले होते, तर स्मशानाच्या फाटकाचे बिजागर करकरले. तिरडी पुढे गेली आणि हे मागे राहिले. पुढे कोणी हटकले तेव्हा शांतपणे म्हणाले, "तो गेला तो गेलाच. बिजागर अजून वाचण्यासारखं होतं."

दिसायला उंच, वाळलेले, मान लांब आणि पुढे आलेली; खाडीच्या चिखलात उभा राहिलेला बगळा जसा कायम काहीतरी हरवल्यासारखा दिसतो तसे. इतरांच्या कनवटीला पानसुपारी असते, यांच्या कनवटीला विटेचा तुकडा आणि तेलात भिजवलेली चिंधी. त्या चिंधीमुळे त्यांच्या प्रत्येक धोतराला एकाच जागी डाग पडलेला असे आणि त्यावरून परीट ते बिनचूक ओळखी. सारी उमर त्यांनी रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी केली होती. त्या धक्क्यावर उघड्यावर पडलेले लोखंड पाहून पाहूनच त्यांचा स्वभाव असा झाला असावा, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो.

मी ठाण्याच्या कचेरीतला कारकून. माझी मुलगी मथू उपवर झाली तेव्हा हे स्थळ कोणीतरी सुचवले. गृहस्थ विधुर, घरात एक सोवळी बहीण, मुलगा एकुलता एक आणि भिवंडीच्या शाळेत मास्तर. ते मुलगी पाहायला ठाण्याला आले आणि आल्या आल्या आमच्या खिडकीचे गज पाहत बसले. "ह्यांना अळशीचं तेल लावत जा," एवढेच बोलले. मग मथू फराळाचे घेऊन आली. आता नाव विचारतील, एखादे स्तोत्र म्हणायला सांगतील, म्हणून आमची मंडळी दाराआड कान देऊन उभी. व्याह्यांनी विचारले, "मुली, चुलीपाशी बसलीस की खोकला येतो का?" मथू घाबरली, आणि घाबरलेले माणूस खरे बोलते. म्हणाली, "येतो." दाराआडच्या बांगड्या एकदम गप्प झाल्या. व्याह्यांनी मान हलवली. "साहजिक आहे. आमच्याकडे येणार नाही," असे म्हणून ते उठले आणि गाडीला निघून गेले. पुढे चार दिवस आमची मंडळी मला एकच विचारीत होती, "अहो, 'आमच्याकडे येणार नाही' म्हणजे काय येणार नाही? खोकला की मुलगी?" पाचव्या दिवशी होकार आला, तेव्हा खोकला, असे ठरले.

त्या वाक्याचा खरा अर्थ आम्हाला कल्याणला गेल्यावर दिसला. घराच्या कौलांतून, पुरुषभर उंचीचे, एक लोखंडी धुराडे वर आले होते. खाडीत एक लहानशी आगबोट मोडीत निघाली होती. तिचे धुराडे व्याह्यांनी मिळवले होते आणि बैलगाडीवर घालून पारनाक्यावरून मिरवत घरी आणले होते. बाजारातल्या लोकांना वाटले तोफच आली. लोहाराने ते कापून बेताचे केले, चुलीच्या डोक्यावर पत्र्याची उलटी टोपली बसवली, तिच्यात धुराडे अडकवले आणि कौले उचकटून त्याचे तोंड आभाळात काढून दिले. व्याह्यांच्या बहिणीला सगळे आत्याबाई म्हणत. त्यांनी तो प्रकार पाहून कपाळाला हात लावला होता. "घर आहे का गाडी?" त्या म्हणाल्या होत्या. "आता शिट्टी तेवढी बसव, म्हणजे सगळीच जाऊ पुण्याला."

पण धूर मात्र खरोखर निघून जाई. आपल्याकडे स्वयंपाकघर म्हणजे काळ्या भिंती, काळे वासे आणि डोळ्यांना पदर लावून बसलेली बाई, असे मी जन्मभर पाहत आलेलो. तिथे भिंती पांढऱ्या होत्या. व्याही त्या दारात उकिडवे बसून धूर टोपलीत शिरताना पाहत राहत, जसे कोणी गोठ्याच्या दारात बसून गाईला वैरण खाताना पाहावे. मथू नांदायला गेली आणि पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा आमच्या मंडळींनी सासरचे काय काय विचारले. ती म्हणाली, "आई, तिकडे स्वयंपाक करताना डोळे उघडे ठेवता येतात." त्यानंतर आमच्या घरात व्याह्यांना वेडे म्हणणे जरा कमी झाले. बंद झाले नाही.

कारण धुराड्याला गंज लागला. लागणारच होता. खाडीचा खारा वारा, वरून चार महिन्यांचे पाणी आणि खालून जाळ. एका सकाळी व्याह्यांना धुराड्याच्या गळ्यापाशी तांबडा ठिपका दिसला आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. तिथून त्यांचे खरे आयुष्य सुरू झाले असे म्हटले तरी चालेल. स्नानसंध्या झाली की पंचा आवळून शिडीवरून कौलांवर जायचे, विटेने ठिपका घासायचा, आत चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचा, कोरड्या फडक्याने पुसायचा आणि मग त्यावर लेपाचा हात फिरवायचा, हा त्यांचा नित्यनेम झाला. हात पातळच फिरवायचा. "जाड थर आळशी माणूस लावतो," ते मला सांगत. "त्याला वाटतं, एकदा झाकलं की झालं. खाली गंज हसत असतो."

आधी त्यांनी अळशीच्या तेलात शेंदूर कालवून लावला. लोखंडाला शेंदरासारखा मित्र नाही असे त्यांना धक्क्यावर कोणा गोऱ्या मिस्तरीने सांगितले होते. धुराडे डोक्यापासून पायापर्यंत लालभडक झाले. दुसऱ्या दिवशी बाजाराला आलेल्या खेडवळ बायका आळीच्या तोंडाशी थांबल्या, वर पाहिले आणि त्यांनी हात जोडले. आठवड्यात ओट्यावर नारळ येऊ लागले. शनिवारी कोणी रुईची माळ ठेवून गेले. एक म्हातारा तर तिथेच उभा राहून धुराड्याला आपल्या हरवलेल्या रेड्याविषयी विचारू लागला. व्याही बाहेर येऊन प्रत्येकाला समजावीत, "अहो, देव नाही, धुराडं आहे ते. आमची आमटी शिजते त्याच्याखाली." लोक म्हणत, देव कुठेही असतो. हे सगळे व्याह्यांनी सोसले. पण शेंदराचा हात वाळल्यावर त्यावर डांबराचा हात द्यायचा असतो, हेही मिस्तरीने सांगितलेले होते. त्यांनी तो दिला. आणि आळीत हाहाकार झाला. बामणाने देवाला काळे फासले, अशी हाकाटी पार रेतीच्या बंदरापर्यंत गेली. चारपाच जाणती माणसे जाब विचारायला आली. व्याही त्यांच्यापुढे डांबराची कुंची हातात धरून उभे राहिले आणि अगदी कळवळून म्हणाले, "पण आतला शेंदूर तसाच आहे हो! उलट आता तो पाण्याने जाणार नाही." हे ऐकून मंडळी आली तशी परत गेली. नारळ मात्र बंद झाले. त्याचे आत्याबाईंना वाईट वाटले.

डांबर पायथ्याशी तापून वितळू लागले. मग बंदरावर कोलशेतहून मीठ घेऊन येणारा एक आगरी नाववाला व्याह्यांना भेटला. तो म्हणाला, "डांबर कशाला फासतंस, बामना? मुशीचा तेल लाव. आमी होरीला तोच लावतांव. गंज काय, गंजाचा बापूस पन जवल येनार नाय." मुशी म्हणजे शार्क मासा. ब्राह्मणाच्या चुलीवर माशाचे तेल! पण व्याह्यांचा विचार असा की चूल खाली आहे, तेल वर आहे आणि मध्ये कौले आहेत. त्यांनी कोणाला न सांगता गाडगे आणले आणि हात फिरवला. दुर्दैवाने दुसऱ्या दिवशी त्यांच्या कुटुंबाचे, म्हणजे मथूच्या सासूचे, श्राद्ध होते. चूल पेटली, धुराडे तापले, आणि कल्याणातली झाडून सगळी मांजरे आमच्या व्याह्यांच्या कौलांवर जमली. मीही त्या दिवशी जेवायला होतो. पाने मांडलेली, ब्राह्मण बसलेले, आणि डोक्यावर असा आकांत चाललेला की मंत्र ऐकू येईनात. मग तो वास खाली आला. एका ब्राह्मणाने नाक उडवले, दुसऱ्याने आपोष्णीचे पाणी तसेच सोडून दिले, आणि तिघेही पानांवरून उठले. आत्याबाई रडू लागल्या. व्याही बराच वेळ आढ्याकडे पाहत बसले. मग म्हणाले, "तिला मांजरं फार आवडायची." पुढे त्यांनी प्रायश्चित्त घेतले आणि पुन्हा अळशीच्या तेलावर आले.

लेप ओला असताना चूल पेटवायची नाही असा नियम होता. त्या दिवशी घरात दहीपोहे. कित्येकदा मी अचानक जाऊन उभा राही आणि आत्याबाईंना विचारी, "आज एकादशी का?" त्या म्हणत, "एकादशी बरी. निदान दुसऱ्या दिवशी पारणं असतं. आज ह्यानं हात फिरवलाय." मथू तोंडाला पदर लावून हसे. तिचे आणि व्याह्यांचे चांगले जमले होते. जावई शनिवारी भिवंडीहून येत आणि सोमवारी पहाटे परत जात. मधले सगळे दिवस घरात ही तिघे आणि ते धुराडे. व्याही वर असले की मथू खाली अंगणात उभी राहून त्यांना ठिपके दाखवी. "मामंजी, डाव्या अंगाला. आणखी जरा वर." अशी काही वर्षे गेली. चांगली गेली असे आज म्हणतो. तेव्हा ती नुसती गेली.

मग एका भादव्यात, पावसाने जराशी उघडीप दिली म्हणून व्याही घाईने वर गेले. कौले शेवाळली होती. ते वरून जे आले ते थेट अंगणातल्या पाण्याच्या दगडी डोणीवर. मथू धावली तेव्हा ते डोळे उघडे ठेवून आडवे पडले होते. त्यांनी पहिले काय विचारले असेल तर, "लेपाची डबी सांडली का?" डबी सांडली नव्हती. खुब्याचे हाड मोडले होते. हाडवैद्याने कामट्या बांधल्या, लेप दिला, आणि जाताना जावयांना बाजूला घेऊन सांगितले की म्हातारा बसेल, पण चालणार नाही.

मी भेटून आलो. ते माजघरात खाटेवर होते. तिथून आढे दिसे, वासे दिसत, पण धुराडे दिसत नसे. "व्याहीबुवा, आता तो मोकळा सुटला," असे मला म्हणाले. तो म्हणजे गंज. चेहरा असा की शेत राखणारा पडून आहे आणि रानडुक्कर शिरल्याचे त्याला ऐकू येते आहे.

त्यानंतर महिना दीड महिना गेला असेल. कल्याणचे एक परिचित गृहस्थ माझ्या कचेरीत आले. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर घसा साफ करून म्हणाले, "तुम्हाला सांगू नये, पण सांगायला हवं. तुमची मुलगी कौलांवर चढते. भरदिवसा. कासोटा खोवून. आळीतले लोक पाहतात." मी घरी येऊन सांगितले, तशी आमची मंडळी ताटावरून उठली. "मुलगी दिली ती सून म्हणून, का गवंडी म्हणून?" त्या म्हणाल्या. "उद्या जा आणि घेऊन या तिला." मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून निघालो. गाडीत मी व्याह्यांना काय काय बोलायचे ते जुळवीत होतो. मुंब्र्याचा बोगदा येईपर्यंत मी त्यांना चांगले फैलावर घेतले होते.

आळीच्या तोंडाशी पोचलो आणि वर पाहिले. कौलांवर कोणी नव्हते. पण धुराडे काळेभोर, तुळतुळीत, एकही ठिपका नाही. मी ओटा चढून आत गेलो. व्याह्यांचा डोळा लागला होता. मी तसाच पुढे स्वयंपाकघरात डोकावलो आणि थबकलो. सगळे स्वयंपाकघर धुराने भरले होते. पांढऱ्या भिंती पिवळ्या पडून वरून काळ्या होत चालल्या होत्या. आत्याबाई चुलीपाशी डोळे मिटून भाकरी थापीत होत्या. माझी चाहूल लागताच त्यांनी ओठांवर बोट ठेवले आणि मागच्या दाराकडे मान केली.

मथू गोठ्याच्या भिंतीला कपाळ टेकून उभी होती. तोंडात पदराचा बोळा कोंबलेला, आणि सगळे अंग आतून हिसके बसल्यासारखे हलत होते. आवाज नाही. मी "मथे" म्हणून हाक मारली, तशी ती वळली. डोळे लाल. किती वाळली होती! बोळा काढून पहिल्याने म्हणाली, "बाबा, हळू बोला. मामंजींना कळायला नको."

"काय कळायला नको? अगं, धूर घरात कसा?"

"धुराडं आतून गेलंय. टोपलीच्या मागे पार चाळण झालीय. वरून ओढच लागत नाही."

"मग वर चढून रंग कसला लावतेस?"

तिने एकदा माजघराकडे वळून पाहिले. मग म्हणाली, "ते पडल्यापासून जेवत नव्हते, बाबा. सारखं वर पाहायचे. एक दिवस मी शिडी लावली. आत्याबाईंनीच धरली खालून, रामरक्षा म्हणत म्हणत. मी वर नुसतं खरवडलं, तर ते इतक्या दिवसांनी झोपले. खरवडण्याचा आवाज आला की त्यांना झोप लागते. आता धुराडं गेलं म्हणून कसं सांगू?"

"आणि हा खोकला?"

"तो काय, येतो आणि जातो," ती म्हणाली, आणि पुन्हा बोळा तोंडात घातला.

मी जुळवून आणलेले सगळे बोलणे तिथेच राहिले. आत आलो तर व्याही जागे होते. मी खाटेशी बसलो. त्यांनी विचारले, "रस्त्यावरून कसं दिसतं?"

"चकाकतंय," मी म्हणालो.

"सूनबाईचा हात हलका आहे. माझ्यापेक्षा बरा." मग आढ्याकडे पाहत, आवाज न चढवता, "पण आत धूर भरतो ना?"

मी खाटेच्या सुंभाशी चाळा करू लागलो.

"माझा पाय मोडलाय, व्याहीबुवा, नाक नाही. बरेच दिवस येतोय वास. आणि ती मागच्या दारी जाते, तोंडात पदर घालून खोकते. तिला वाटतं मला ऐकू येत नाही. तो आवाज मला चांगला ठाऊक आहे. आमच्या हिचाही तसाच होता. लग्न झाल्यापासून चुलीपाशी बसायची ती, आणि खोकायची. मी धक्क्यावरून घरी आलो की बाहेर ओटीवर चार लोक यायचे. एकदा बोलणं रंगलं होतं, ती आत खोकत होती, थांबेचना. मी उठून आत गेलो आणि म्हटलं, पाहुणे बसलेत, जरा हळू खोक."

मी त्यांच्याकडे पाहिले नाही. पाहवले नाही.

"तिनं ऐकलं हो," ते म्हणाले. "शेवटपर्यंत हळूच खोकली. रक्त पडायला लागलं तेही मला वैद्यानं सांगितलं. म्हणाला, छातीत धूर बसलाय, आता काही उपाय नाही. मग मी ते धुराडं आणलं. ती गेल्यावर."

इतकी वर्षे आम्ही ज्याला हसत होतो ते हे होते. मी काहीतरी बोलायला पाहत होतो, तेवढ्यात ते कोपरांवर उठून बसू लागले. दुखत असले पाहिजे. कपाळावर घाम आला. मी सावरायला गेलो तर त्यांनी हात बाजूला केला आणि मोठ्याने हाक मारली, "सूनबाई!"

मथू पदराने तोंड पुसत दारात आली.

"इथं ये. बस इथं समोर."

ती बसली. माझ्याकडे एकदा पाहिले, मी सांगितले की काय म्हणून.

"आता खोक," व्याही म्हणाले. "मोठ्यानं खोक."

"मामंजी..."

"सगळ्या आळीला ऐकू जाऊ दे. तो बोळा नको आता." त्यांनी हात पुढे केला. "माझी आज्ञा आहे, मुली."

आणि मथू खोकली. आधी भीतभीत, मग तिला आवरेना. तो खोकला कुठून कुठून येत होता कोण जाणे. ती जमिनीला हात टेकून खोकत राहिली, आणि खोकता खोकता रडू लागली. आत्याबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि तिची पाठ चोळू लागल्या. व्याही ते सगळे ऐकत ताठ बसून होते. त्यांनी डोळे मिटले नाहीत. थांबल्यावर म्हणाले, "आता पाणी द्या तिला."

त्याच दुपारी त्यांनी लोहाराला बोलावणे पाठवले आणि धुराडे उतरवायला सांगितले. लोहाराने वर जाऊन दोन्ही हातांनी त्याला मिठी घातली आणि उचलले, तो ते मधोमध पापडासारखे मोडले. शेंदूर, तेल, डांबर, पुन्हा तेल, अशा थरांवर थर चढलेली साल तेवढी शाबूत होती. आतले लोखंड कधीच झडून गेले होते. लोहाराने एक तुकडा खाली आणून व्याह्यांच्या हातात दिला. त्यांनी सवयीने बाहेरून अंगठा फिरवला. अंगठा स्वच्छ निघाला. मग आतून फिरवला.

"आतून," ते म्हणाले. "ओला धूर आतून खात होता. मी आत कधी पाहिलंच नाही."

मी म्हणालो, "नवं आणू. मुंबईहून मागवतो मी."

"आणा. पण ते चढेपर्यंत ही इथं राहायची नाही. तुम्ही हिला आजच घेऊन जा. बरी झाली की भिवंडीला बिऱ्हाड करायला सांगा पोराला, अंगणात चूल असेल असं. आम्ही दोघं म्हातारी पडवीत चूल मांडू."

मथूने ऐकले नाही. तुमचे कोण करणार, म्हणून ती हटून बसली. तिने दाराची चौकट धरली. आमच्या व्याह्यांनी उभ्या आयुष्यात तिच्यावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. फार लागेल असे बोलले. माझ्या घरातून चालती हो, असेही म्हणाले. ती रडत रडत पाया पडली, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केले होते. आम्ही आळीच्या बाहेर पडलो तरी त्यांनी काही हाक मारली नाही. गाडीत मथू खिडकीशी बसली होती. दिवा स्टेशन मागे पडल्यावर म्हणाली, "रागावले नव्हते ते." मी म्हणालो, "नव्हते."

ठाण्याला अडुळसा, मध, ज्येष्ठमध चालू झाले. देवदिवाळीपर्यंत तिच्या अंगावर थोडे मांस आले. खोकला पुष्कळ उणा झाला. गेला असे मात्र आजही म्हणवत नाही. जावयांनी भिवंडीला बिऱ्हाड केले. नवे धुराडे मी मागवले ते व्याह्यांनी चढवू दिले नाही. "वर जाऊन आतून हात कोण फिरवणार?" एवढेच म्हणाले. ते पडवीत तसेच गवतात गुंडाळलेले पडून राहिले.

मार्गशीर्षात मी त्यांना भेटायला गेलो, ती आमची शेवटची भेट. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले; आत्याबाई म्हणाल्या, सकाळी उठवायला गेले तर उठलेच नाहीत. पण त्या संध्याकाळी मला तसे काही वाटले नव्हते. त्यांना ओट्यावर आणून बसवले होते, पायांवर घोंगडी होती. कनवटीला वीट नव्हती. मी मथूचे सांगितले. त्यांनी खोदून खोदून विचारले. सकाळी येतो का, निजल्यावर येतो का, चूल अंगणात आहे ना, छप्पर फार खाली तर नाही ना. मग आम्ही दोघे गावाकडे पाहत बसलो. थंडीचे दिवस, वारा पडलेला. घरोघरी चुली पेटल्या होत्या आणि कौलांच्या फटीफटींतून धूर निघून सगळ्या गावावर एक निळसर थर तरंगत होता, थेट खाडीपर्यंत. मला ते छान वाटले. मी तसे म्हणणारही होतो.

"ऐकू येतं का तुम्हाला?" व्याह्यांनी विचारले.

"काय?"

त्यांनी काठी उचलून समोरच्या घराकडे रोखली. "ती थोरली सून. संध्याकाळीच येतो तिला." काठी जरा सरकली. "त्या पलीकडे सोनाराची आई. तिचा कोरडा आहे." आणखी सरकली. "ते पिंपळापाशी घर दिसतं ना, तिथं नवी मुलगी आलीय ह्या वैशाखात. अजून नव्हता तिला. परवापासून ऐकतोय."

मी कान दिला. आधी काहीच कळले नाही. मग हळूहळू ऐकू येऊ लागले. एका घरातून, मग दुसऱ्या, मग पार खालच्या आळीतून, दाबलेले, पदराआडचे. ते एकेक घर दाखवीत राहिले. माझ्या गाडीची वेळ होऊन गेली, तरी मला उठवेना.